सव्वा तासाच्या पोटात

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचं सरळ अंतर सुमारे ३७० किलोमीटर आहे. वैमानिकांच्या हिशोबात २०० सागरी मैल. जेट विमान ते पाऊण तासात कापतं. तरी तिकिटावर या प्रवासाला सव्वा तास लिहिलेला असतो. कधी एक तास वीस, कधी पंचवीस मिनिटं. हा वरचा अर्धा तास कशाचा आणि तो नेमका किती धरायचा, हे ठरवणं माझं काम होतं. स्किपोलवरून उड्डाणं करणाऱ्या एका विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात मी बरीच वर्षं होते. लंडनची फेरी सुरुवातीलाच माझ्याकडे आली, ती शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली.

अंतरावरून कधी कुणाशी वाद झाला नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधली जवळात जवळची वाट मोजायची, आकडा मिळतो, आणि तो उद्याही तोच असतो. वेळेवरून मात्र वाद संपत नसे. वैमानिकांना ती वाढवून हवी असे, वित्त विभागाला कापून. विक्री विभागाला ती तिकिटाच्या पडद्यावर कमी दिसायला हवी असे, कारण कमी वेळाचं उड्डाण यादीत वर येतं. रॅम्पवर, म्हणजे उभ्या विमानांभोवती, राबणाऱ्यांना कुणी विचारतच नसे. त्या बैठकांमध्ये बसून माझं एक मत पक्कं झालं आणि ते आजही तसंच आहे: वेळापत्रकातलं मिनिट म्हणजे प्रवाशाला दिलेला शब्द, आणि तो पाळण्यासाठी कुणाला धावावं लागणार आहे हे शब्द देणाऱ्याने आधी जाऊन पाहिलं पाहिजे.

विमानाच्या चाकांजवळचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं की आमचं घड्याळ सुरू होतं. दुसऱ्या टोकाला चाकांना पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. या मधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात आणि वेळापत्रकात छापला जातो तो हाच. 'फ्लाइट किती वेळाची?' असं प्रवासी विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हवेतलं विमान असतं. या फेरीत जमिनीवरचा वेळ हवेतल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त भरू शकतो.

मी रुजू झाले तेव्हा आमच्या विभागप्रमुख एक डच बाई होत्या. पडद्यावरचे आकडे नंतर बघ, आधी विमानात बसून ये, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी खिडकीजवळची जागा घेतली आणि वही मांडीवर ठेवली. त्या सकाळची नोंद अजून माझ्याजवळ आहे. ७.०४ ला ठोकळे निघाले. ७.१४ ला आम्ही ए-५ महामार्गावरच्या पुलावर होतो. खाली मोटारी चालल्या होत्या आणि वरून आमचं विमान संथपणे रस्ता ओलांडत होतं. धावपट्टीच्या तोंडाशी चार विमानं आमच्या पुढे उभी. ७.२४ ला चाकं उचलली. मग समुद्र, चोवीस हजार फुटांच्या आसपासची उंची, आणि तेवढ्यात कॉफी वाटून कप परत गोळा करण्याची केबिनमधल्या मुलींची घाई. ७.५० च्या सुमारास एसेक्सचा किनारा दिसला. तिथून धावपट्टी जवळ होती, पण विमान वळलं आणि त्याने आकाशात दोन घिरट्या घातल्या. ८.१७ ला जमिनीला टेकलो. आमच्या जागेवर आधीचं विमान अजून उभं होतं, त्यात सहा मिनिटं गेली. ८.३१ ला ठोकळे लागले. एकूण ८७ मिनिटं. घिरट्या वगळल्या तर हवेतली ४५.

वहीतल्या त्या पानावर माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा आराखडा होता, असं मी मानते.

त्यातला पूल आधी घेते. स्किपोलला सहा धावपट्ट्या आहेत. त्यातली पोल्डरबान २००३ मध्ये सुरू झाली. दाट वस्तीवरून जाणारा विमानांचा आवाज कमी व्हावा म्हणून ती मुद्दाम लांब बांधली. इतकी लांब, की टर्मिनलपासून तिथवर चाकांवर जायला दहा ते वीस मिनिटं लागतात. तिथून उड्डाण करायचं तर फक्त उत्तरेकडे. लंडन पश्चिमेला, पण विमान आधी उत्तरेकडे चढतं आणि मग डावीकडे वळून समुद्रावर जातं. वारा नैर्ऋत्येचा असला तर कागबान ही दुसरी धावपट्टी वापरतात. ती बरीच जवळ आहे आणि तिचं तोंडही सोयीच्या दिशेला आहे. म्हणजे एकाच दिवशी सकाळी कागबान आणि दुपारी पोल्डरबान लागली, तर ३७० किलोमीटर तेच राहून दहा मिनिटांचा फरक पडतो. महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्या माणसाला आम्ही मात्र एकच आकडा सांगायचा.

हा सगळा मुलूख एकेकाळी तलावाचा तळ होता. हार्लेमरमेअर नावाचा तो तलाव १८५२ मध्ये उपसून कोरडा केला, आणि आजही विमानतळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीन मीटर खाली आहे. शरद ऋतूत पहाटे या सखल रानावर धुकं साचतं. दृष्टिपल्ला घसरला की विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या कमी होते. थंडीत त्यात बर्फ काढण्याची भर. आधी नारिंगी रंगाचं गरम द्रावण मारून पंख स्वच्छ करतात. बर्फ पडतच असेल तर वरून हिरवट, दाट द्रावणाचा थर देतात. तो थर किती वेळ टिकणार हे तापमानावर आणि हिमवर्षावावर ठरतं. तेवढ्या वेळात उड्डाण झालं नाही तर पुन्हा मागे फिरून पहिल्यापासून सुरुवात. हे घडत असताना खिडकीतून बघणाऱ्या प्रवाशांच्या चेहऱ्यावर मी वैताग पाहिला आहे, पण ती मिनिटं कधीही कुणी कापू नयेत.

आता घिरट्या. हीथ्रोच्या विमानांना थांबवून ठेवण्यासाठी लंडनभोवती चार ठिकाणं नेमलेली आहेत: बॉव्हिंग्डन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन. आमची विमानं लँबोर्नवर जात. तिथे विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक, लांबट वर्तुळात फिरत राहतात. एका फेरीला साधारण चार मिनिटं लागतात. सगळ्यात खालचं विमान धावपट्टीकडे निघालं की वरचं प्रत्येक विमान एकेक पायरी खाली येतं. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, आणि वर्षाला ४,८०,००० विमानांच्या ये-जा करण्याची मर्यादा. एका पट्टीवर उतरायचं, दुसरीवरून उडायचं. पश्चिमेचा वारा असताना दुपारी तीनला दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल होते, म्हणजे मार्गाखाली राहणाऱ्यांना निम्मा दिवस तरी शांतता मिळते. या व्यवस्थेत जराही सैल जागा उरलेली नाही. सकाळी काही मिनिटं हरवली की ती संध्याकाळपर्यंत सापडत नाहीत.

समोरून वारा असला की विमानाला उशीर होतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ३७० किलोमीटरमध्ये उंचावरच्या वाऱ्याने सहसा चार-पाच मिनिटांचाच फरक पडतो. खरा फरक पडे तो जमिनीलगतच्या वाऱ्याने, आणि हे समजल्यावर माझी या कामातली गोडी वाढली. हीथ्रोच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. पश्चिमेचा वारा जोराचा असला की उतरणाऱ्या विमानाचा जमिनीच्या हिशोबाने वेग कमी होतो. दोन विमानांमध्ये ठरावीक मैलांचं अंतर राखायचं असेल तर तेवढे मैल कापायला जास्त वेळ लागतो, तासाला कमी विमानं उतरतात आणि लँबोर्नवर गर्दी होते. २०१५ पासून हीथ्रोने मैलांऐवजी सेकंदांचं अंतर राखायला सुरुवात केली आणि वाऱ्याच्या दिवशी होणारी ही कोंडी बरीच सुटली. अंतर सोडून वेळ मोजायला लागल्यावर गोष्टी सुधारल्या, याचा मला फार आनंद झाला होता.

याच्या जोडीला ब्रसेल्स. युरोकंट्रोलचं तिथलं केंद्र अख्ख्या युरोपातल्या उड्डाणांची गर्दी सांभाळतं. हीथ्रोने आज कमी विमानं घेऊ असं कळवलं की ब्रसेल्सहून आम्हाला उड्डाणाची नेमून दिलेली वेळ येई. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत उडायचं. ते चुकलं तर नवी वेळ मागायची. या वाटपात जवळची विमानं नेहमी जास्त भरडली जातात. अमेरिकेहून निघालेलं विमान आधीच हवेत असतं, त्याला परत पाठवता येत नाही. लांबून येणाऱ्यांना वेग कमी करायला सांगून उशीर वाटेत मुरवता येतो. २०१४ पासून हीथ्रो शेजारच्या देशांतल्या नियंत्रकांमार्फत तसं करतंही. ॲमस्टरडॅमच्या विमानाला हवेत तेवढी वाटच नसते. ते जमिनीवर, दारं लावून, प्रवासी बसवून उभं राहतं. समोर गाव दिसावं आणि गाडी सुटू नये, अशी ती तगमग असते. वैमानिक घोषणा करतो की लंडनला गर्दी आहे, आणि मागून कुणीतरी म्हणतंच, पाऊण तासाचं तर अंतर!

या मार्गाला मोठा इतिहास आहे. डच कंपनी केएलएमची स्थापना ऑक्टोबर १९१९ मधली. तिचं पहिलं उड्डाण १७ मे १९२० रोजी झालं, ते याच दोन शहरांमध्ये, लंडनच्या क्रॉयडनहून स्किपोलला. विमान भाड्याने घेतलेलं, वैमानिक जेरी शॉ. विमानात दोन पत्रकार, लंडनच्या महापौरांनी ॲमस्टरडॅमच्या महापौरांना लिहिलेलं पत्र आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. वर्तमानपत्रं नेण्यासाठी विमान वापरलं हे मला फार नेमकं वाटतं. बातमी शिळी होते, म्हणून तिच्या मिनिटांना किंमत होती.

त्या वेळी दोन्ही शहरांच्या घड्याळांत मूळ फरक होता १९ मिनिटं ३२ सेकंदांचा. नेदरलँड्सने १९०९ मध्ये ॲमस्टरडॅमची स्थानिक वेळ देशभर लागू केली होती. १९३७ मध्ये त्यांनी फरक पूर्ण २० मिनिटांचा केला. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि त्यांनी बर्लिनची वेळ लादली. युद्ध संपलं, फौजा गेल्या, वेळ राहिली. म्हणून आज ॲमस्टरडॅम लंडनच्या एक तास पुढे आहे. नऊला निघालेलं विमान सव्वानऊ-नऊ वीसला पोचलेलं दिसतं आणि परतीचं सव्वादोन तास घेतलेलं. तिकीट खिडकीवर रोज कुणीतरी विचारी की येताना विमान एवढं हळू का येतं. आम्ही वेळापत्रकवाले स्थानिक वेळेत विचार करतच नाही. आमच्या पडद्यावर सगळं जागतिक वेळेत, झुलूत. दोन्ही देश मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळं बदलतात, त्यामुळे तासाचा फरक बाराही महिने टिकतो. आमचे उन्हाळी-हिवाळी मोसमही त्याच रविवारी सुरू होत.

मोसम बदलायच्या कितीतरी महिने आधी खरी लढाई व्हायची. मागच्या मोसमातल्या प्रत्येक उड्डाणाचा प्रत्यक्ष वेळ माझ्यासमोर असे. सरासरी काढून भागत नाही, कारण सरासरीवर वेळ ठेवली तर जवळपास निम्मी विमानं उशिरा पोचणार. आम्ही सगळी उड्डाणं वेळेच्या चढत्या क्रमाने लावत असू आणि शंभरपैकी साठ-सत्तर ज्या मिनिटाच्या आत बसतात ते मिनिट धरत असू. सकाळच्या फेरीचं वेगळं, दुपारच्या फेरीचं वेगळं. मग वित्त विभाग म्हणे, पाच मिनिटं कमी करा. त्यांचा हिशोब खोटा नव्हता. एक विमान दिवसाला सहा फेऱ्या मारतं. प्रत्येकीतून पाच मिनिटं काढली तर अर्धा तास सुटतो, आणि अशा बऱ्याच विमानांचे अर्धे तास जोडले की एखाद्या विमानाची गरजच राहत नाही. उलट बाजूने, मिनिटं हवी तेवढी वाढवणंही बरोबर नाही. लवकर पोचलेल्या विमानाला उभं राहायला जागा नसते, कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे तास फुकट जातात, आणि प्रवाशाला आपण खोटंच सांगितलेलं असतं. त्यात हीथ्रोवरची उतरण्याची वेळ हा स्लॉट असतो. तो मोसमात ८० टक्के वापरला नाही तर हातचा जातो, आणि सहजासहजी हलवता येत नाही. लंडनला वेळ वाढवायची तर ॲमस्टरडॅमहून लवकर निघायला हवं. त्यासाठी तेच विमान आधीच्या फेरीत, समजा ऑस्लोहून, लवकर यायला हवं.

त्या पाच मिनिटांचं पुढे काय होतं, ते मला रॅम्पवरच्या एका मुकादमांनी दाखवलं. ते मूळचे सुरीनामचे. १८७३ पासून बिहार आणि संयुक्त प्रांतातून मजूर जहाजांनी तिकडे नेले गेले, आणि १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज हॉलंडला आले. ते सुरीनामची सरनामी हिंदी बोलत, मी मुंबईची, आणि आमचं छान जमे. मी त्यांना भैया म्हणे, ते मला बेटी. एकदा पावसात ते मला विमानाच्या पोटाशी घेऊन गेले. लहान जेटमध्ये सामान कंटेनरमधून जात नाही. माणसं गुडघ्यांवर बसून, मान वाकवून एकेक बॅग हाताने रचतात. उभं राहण्याइतकी उंची नसते. बॅग तेवीस-तेवीस किलोची. आत बसलेल्या पोराच्या गुडघ्यांना पट्टे बांधलेले होते आणि एका पट्ट्याचं वेल्क्रो निघालं होतं. तो दर चार-पाच बॅगांनंतर हात थांबवून ते घट्ट दाबी आणि पुढची बॅग ओढी. बाहेरून पट्टा चालूच होता. भैया म्हणाले, "बेटी, तू कागदावर पाच मिनिटं कापतेस ना, ती याच्या गुडघ्यांतून निघतात. विमान उशिरा येतं, जाण्याची वेळ तीच राहते. मग आम्ही धावतो."

विमान उशिरा आलं की पाऊण तासाचं काम अर्ध्या तासात करावं लागतं. त्यात घाईने बॅग राहते, कुणाचा हात चिमटतो, कुणी ओल्या शिडीवरून घसरतं. हे कोणत्याही अहवालात ब्लॉक टाइमच्या रकान्यात येत नाही. त्यानंतरच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. ऐकणाऱ्यांनी मान हलवली, पण त्यासाठी रकाना नव्हता. मग मी लंडनहून उशिरा आलेल्या विमानांमागे राहून गेलेल्या बॅगा आणि रॅम्पवरच्या दुखापती यांची तारीखवार यादी करायला घेतली.

पोचणं म्हणजे नेमकं कधी, हा प्रश्न युरोपात कोर्टापर्यंत गेला आहे. उड्डाण तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचलं तर नुकसानभरपाई मिळते, हे लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं. मग साल्झबर्गहून कोलोन-बॉनला गेलेल्या एका विमानाचं प्रकरण आलं. ते धावपट्टीला टेकलं तेव्हा उशीर दोन तास अठ्ठावन्न मिनिटांचा होता आणि जागेवर उभं राहिलं तेव्हा तीन तास तीन मिनिटांचा. २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विमानाचा निदान एक दरवाजा उघडून प्रवाशांना उतरायला मोकळीक मिळते, तो पोचण्याचा क्षण. बंद विमानात बसलेला माणूस आपलं कामकाज करू शकत नाही, हे त्यामागचं कारण. आम्ही चाकांना ठोकळे लागले की घड्याळ बंद करत असू. न्यायालयाने ते माणूस बाहेर पडू शकेपर्यंत चालू ठेवलं. मला हा निकाल अतिशय आवडतो. भरपाईची रक्कम मात्र अंतरावर ठरते, आणि ते अंतर पृथ्वीच्या गोलावरच्या जवळच्या वाटेने मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे. १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेलेल्यांनी दोन टप्प्यांची बेरीज मागितली होती, ती १५०० च्या वर जात होती. न्यायालयाने २०१७ मध्ये रोम ते हॅम्बुर्ग सरळ अंतरच धरलं.

घरापासून घरापर्यंत मोजलं तर लंडनच्या फेरीचे सहज पाच तास होतात. २०१८ मध्ये लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट रेल्वे सुरू झाली. उलट दिशेला ऑक्टोबर २०२० पर्यंत ब्रसेल्सला गाडी बदलावी लागे. साधारण चार तासांत ती शहराच्या मध्यातून मध्यात नेते. सरळ लंडनलाच जाणाऱ्या माणसाला मी मनापासून रेल्वे सुचवत आले आहे. पण आमच्या विमानांतले पुष्कळ लोक लंडनचे किंवा ॲमस्टरडॅमचे नसतच. ते लांबून आलेले आणि पुढे चाललेले असत. त्यांच्यासाठी हा सव्वा तास एका मोठ्या प्रवासाचा शेवटचा तुकडा होता, आणि त्यांच्याकडे बघूनच तो ठरवायला हवा होता.

एका संध्याकाळी ट्रान्स्फर काउंटरवरून मला फोन आला. मराठी बोलणारं कुणी हवं होतं. सांगलीचे एक आजोबा-आजी, मुलीकडे लंडनला निघालेले. आजोबा व्हीलचेअरवर. मुंबईहून आलेलं त्यांचं विमान वीस मिनिटंच उशिरा होतं. भारतातून आलेल्या प्रवाशांना पुढच्या विमानासाठी इथे पुन्हा सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. त्या रांगेत लंडनचं विमान गेलं. मी "नमस्कार" म्हटलं तशी आजींनी माझा हात धरला.

"अगं बाई, तू आपलीच की! ह्यांना सांग बरं जरा. मघापासून माझ्यावरच चिडलेत."

आजोबांनी मलाच विचारलं, "पुढचं अंतर किती गं?"

"तीनशे सत्तर किलोमीटर, आजोबा."

"म्हणजे सांगली-मुंबई. रात्री एसटीत बसलो की पहाटे मुंबई. आणि एवढ्याला आता तीन तास इथंच?"

"हो. पुढच्या विमानात जागा दिलीय. मी बसते तुमच्याजवळ."

"तू विमान चालवतेस?"

"नाही आजोबा. मी त्यांच्या वेळा ठरवते."

ते काही क्षण माझ्याकडे पाहत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मग आमच्या चालण्याचा वेळ पण धर की त्यात."

आम्ही एका विमानातून दुसऱ्यात जायला किती वेळ लागतो ते धडधाकट माणसाच्या पावलांनी मोजत होतो. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा येईपर्यंत लागणारा वेळ त्यात नव्हता, तपासणीत आजोबांना खुर्चीतून उठवून पुन्हा बसवण्याचा वेळ नव्हता. मुंबईहून येणाऱ्या विमानांत असे आजी-आजोबा किती असतात, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी मुंबईच्या विमानातून लंडनला जाणाऱ्या प्रवाशांचा हिशोब वेगळा काढायला घेतला. किती जणांनी मदत मागितली होती, त्यातले किती वेळेत पोचले, किती राहिले.

हीथ्रोचा स्लॉट हलवता येत नव्हता, पण आमच्याच संध्याकाळच्या दोन उड्डाणांचे स्लॉट एकमेकांत बदलता येत होते. जे विमान मुंबईवाल्यांना घेऊन जायचं त्याला नंतरचा स्लॉट दिला, म्हणजे विमान बदलायला अर्धा तास जास्त मिळाला. त्याच बैठकीत मी संध्याकाळच्या फेरीला हिवाळ्यासाठी ८५ मिनिटं मागितली. बॅगांची आणि दुखापतींची यादी सोबत होती. वित्त विभागाच्या प्रमुखांनी ती शेवटपर्यंत वाचली, दोन-तीन तारखांबद्दल विचारलं आणि होकार दिला. हिवाळा संपत आला तसं उन्हाळ्यासाठी ८० मिनिटं पुरतील का, असं त्यांचं पत्र आलं. मी पोल्डरबानच्या वापराचे आणि लँबोर्नवरच्या घिरट्यांचे त्या हिवाळ्यातले आकडे काढले, मुकादम भैयांना फोन करून रॅम्पवरच्या नोंदी मागवल्या आणि उत्तर लिहायला बसले.